बिनकाचांचा चष्मा

गज आहेत प्लंबिंगच्या पाइपांचे.
मोझेसनं काळ्या रंगाचे दोन हात दिले,
तरी दिव्याखाली कंपनीचा शिक्का वाचता येतो.
धरले की डुलतात.
शलाका वैती म्हणते, धरूच नकोस,
नुसता जवळ उभा राहा,
तुरुंग तुझ्या पाठीत दिसला पाहिजे.
तो दिसतोच. तिला कुणी सांगावं.

चेंदणी कोळीवाड्यातला हॉल. सुकटीचा वास.
खिडकीतून खाडी, आणि खाडीच्या अलीकडे
ती भिंत. खरी. किल्ल्याची.
आमची तालीम चालू असते तेव्हा
तिकडे संध्याकाळची गिनती होते.
एकदा वारा इकडचा होता, टोले ऐकू आले,
आणि केंद्रातले आम्ही सातजण
कुणी न सांगता
दोन-दोनच्या जोडीनं खाली बसलो.
शलाका म्हणाली, हे ठेवू या.

माझं काम धर्माजी केणींचं.
दिघ्याच्या खदानीतला माणूस. फोडलेल्या दगडाचा
भाव मागितला, संप केला,
युनियनची वही पोलिसांच्या हाती लागू दिली नाही,
म्हणून आत.
नाटकात त्यांचं नाव वेगळं आहे.
गोष्ट मीच सांगितली, शलाकानं लिहून घेतली,
एक तेवढी सोडून.

बराक तीन. मी तांब्याच्या तारेत आलेलो,
म्हणजे चोरीत,
म्हणजे पावडरीत.
पहिले नऊ दिवस हाडांतून
कुणीतरी उलटी करवत ओढत होतं.
दहाव्या दिवशी म्हाताऱ्याचा चष्मा उचलला,
चार गोळ्यांना विकला.

जेलर आला. कुणी नेला, केणी?
म्हातारा डोळे मिचकावत
थेट माझ्याकडं बघत म्हणाला,
"मी नावं सांगत नाही, साहेब.
चौकीत विचारा तुमच्या लोकांना,
माझे तळवे सुजेपर्यंत विचारलंय त्यांनी."
मग माझ्यापुढं पेपर सरकवला.
वाच. मला आता दिसत नाही.

अग्रलेखापासून स्थळांच्या जाहिरातींपर्यंत,
सकाळी एकदा, बंदीच्या आधी एकदा.
अडखळलो की थांबायचा. शब्द सांगायचा नाही.
चार महिने.
ती शिक्षा होती की औषध,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

केंद्रात रोज सकाळी उलटं असतं.
उभं राहायचं, आधी नाव, मग रोग.
मी मोझेस परेरा, दारुडा, आज दोनशे चौदा दिवस.
टाळ्या.
मी अमुक तमुक, गर्दुल्ला, आज एकशे सहा.
टाळ्या.
सकाळी नाव सांगायचं,
संध्याकाळी नाव सांगायचं नाही,
असा दीड महिना काढला.

प्रयोग तलावपाळीच्या रंगायतनात.
तिसऱ्या रांगेत आई, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून
तिनं ती धरून ठेवलेली, शेवटपर्यंत.
मोझेसच्या हातात किल्ल्यांचा जुडगा,
जांभळी नाक्यावरचा, खरा, जड.
माझ्या नाकावर चष्मा,
दिवे चमकतात म्हणून काचा काढलेला.
त्यातून सगळं स्वच्छ दिसत होतं,
तीच पंचाईत.

"संपामागं कोण आहे? नाव बोल."
माझं वाक्य सोपं. मी नाव सांगणार नाही.
मी म्हणालो, "मी..."
आणि तोंडात सकाळ आली.
नाव. आडनाव.
चष्मा मी घेतला.

विंगेतून शलाकाची कुजबुज, वाक्य, अरे वाक्य!
मोझेसच्या संहितेत पुढं काहीच नव्हतं.
त्यानं टोपी काढली
आणि सवयीनं टाळी वाजवली. एकच.
किल्ल्या खणखणल्या.
मग वरून, बाल्कनीतून, आणखी कुणाची तरी.

लोकांना वाटलं, नाटकातलंच.
शलाका दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी पेन्सिलीनं लिहून घेतलं,
म्हणाली, दर प्रयोगाला जमेल का?
म्हटलं, विचारून सांगतो.
कुणाला, ते तिनं विचारलं नाही.

खदान बंद पडली. घर अजून तिथंच आहे म्हणतात,
दिघ्याला उतरून टेकडीच्या अंगानं चढायचं.
पत्ता मला पाठ आहे.
चष्म्याचा नंबर
माहीत नाही.